आजाराचे मूळ रेणूत

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. आज रोगाच्या कारणांवर बोलणार असे मी सांगितले तेव्हा आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना थोडे नवल वाटले. परंतु शोधांनाही इतिहास असतो, सनावळी असते आणि त्यात माणसे असतात. सिकलसेल या एका आजाराचा इतिहास आपणांस सांगावा असे मी ठरवले, कारण ज्याचे कारण थेट एका रेणूपर्यंत जाऊन पोचले असा हा पहिला आजार होय. शिवाय हा आजार आपल्या विदर्भात आहे आणि त्याचा संबंध तुमच्या-माझ्या घरातील लग्नांशी आहे.

घरात एखादे मूल सतत आजारी पडू लागले की आपण काय विचारतो? कोणाची नजर लागली? काय खाल्ले? आणि थोड्याच दिवसांत घरातली वडील मंडळी विचारू लागतात, ‘सुनेच्या माहेरी असे काही होते काय?’ डॉक्टर सांगतात, रक्त कमी आहे. पण रक्त कमी का आहे? शक्तीचे औषध देऊनही ते का वाढत नाही? शास्त्रज्ञांनीही हाच ‘का’ धरून ठेवला आणि एक पायरी उतरली की पुढच्या पायरीवर तोच प्रश्न पुन्हा विचारला.

1904 साली वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेत शिकागोला आला. त्याच वर्षी डिसेंबरात खोकला व ताप घेऊन तो रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला काही विचित्र दिसले. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल, मध्ये दबलेल्या चकतीसारख्या असतात. या रक्तात काही पेशी लांबट, बाकदार, विळ्यासारख्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली ही हकीकत प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून पुढे आजाराला नाव पडले. नोएलने शिक्षण पुरे केले, मायदेशी परतून दातांचा दवाखाना चालवला आणि 1916 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो न्यूमोनियाने वारला. आपल्या रक्ताच्या थेंबातून पुढे काय निघणार आहे याची त्याला कल्पना नव्हती.

पेशी वाकडी आहे इतके कळले, पण ती वाकडी का होते? 1927 साली हान आणि गिलेस्पी या दोघांनी दाखवले की या पेशींचा प्राणवायू काढून घेतला की त्या विळ्यासारख्या होतात आणि प्राणवायू परत दिला की पुष्कळशा पुन्हा गोल होतात. ही फार मोलाची खूण होती, पण वीस वर्षे तिचा पुरता अर्थ कोणी लावला नाही.

तो अर्थ लायनस पाउलिंग या रसायनशास्त्रज्ञाला सुचला. 1945 साली एका वैद्यकतज्ज्ञाशी बोलताना या आजाराचा विषय निघाला. प्राणवायूच्या येण्याजाण्याने पेशीचा आकार बदलतो हे ऐकताच पाउलिंगच्या मनात आले की दोष पेशीच्या आवरणात नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असला पाहिजे. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे तांबडे प्रथिन. एकेका तांबड्या पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी रेणू भरलेले असतात. पेशी म्हणजे जवळजवळ हिमोग्लोबिनची पिशवीच म्हणा ना!

हा तर्क तपासण्याचे काम ज्या तरुणाकडे आले त्याच्याविषयी विद्यार्थ्यांनी जरा लक्ष देऊन ऐकावे. त्याचे नाव हार्वे इटानो. तो अमेरिकेत जन्मलेला, पण आईबाप जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात जपानने अमेरिकेवर हल्ला केला आणि अमेरिकन सरकारने आपल्याच देशातील जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले. इटानो तेव्हा कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात होता. 1942 साली तो सर्व पदवीधरांत पहिला आला आणि विद्यापीठाचे पदक त्याला जाहीर झाले. पदवीदान समारंभ झाला त्या दिवशी तो छावणीत होता. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी सेंट लुईसला जाण्याची त्याला परवानगी मिळाली. 1945 साली तो डॉक्टर झाला आणि पुढे पाउलिंगच्या प्रयोगशाळेत आला. ज्या देशाने आपल्यावर संशय घेतला तेथेच राहून त्याने पुस्तक खाली ठेवले नाही. मी त्यावर अधिक भाष्य करीत नाही.

इटानो आणि त्याचे सहकारी सिंगर व वेल्स यांनी निरोगी माणसाचे व रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवले. रेणूवर जसा विद्युतभार तशी त्याची धाव. रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकले. म्हणजे ते मुळातच वेगळे होते. आणि ज्यांना आजार नाही, पण ज्यांच्या पेशी परीक्षानळीत विळ्यासारख्या होतात, अशा लोकांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सापडले. नोव्हेंबर 1949 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या मथळ्यातच या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटले होते. त्यापूर्वी हे शब्द कोणत्याही रोगाच्या बाबतीत असे पुराव्यानिशी वापरले गेले नव्हते.

पण ‘का’ अजून संपला नव्हता. वेगळे म्हणजे कोठे वेगळे? हिमोग्लोबिन हे चार साखळ्यांचे प्रथिन आहे. दोन साखळ्यांत प्रत्येकी 141 आणि दोन साखळ्यांत प्रत्येकी 146 अमिनो आम्ले मण्यांसारखी ओवलेली असतात. एकूण 574 मणी. त्यांतला बदललेला मणी शोधायचा कसा? हे काम केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅमने केले. हाही निर्वासितच. जर्मनीतील ब्रेस्लाऊ गावी जन्मला आणि नाझी राजवटीतून निसटून लहानपणी घरच्यांबरोबर इंग्लंडला आला. त्याने हिमोग्लोबिनचे एका पाचक रसाने ठराविक जागी तुकडे केले. तुकड्यांचा थेंब ओल्या कागदावर ठेवून एका दिशेने वीज सोडली आणि नंतर आडव्या दिशेने द्रावण चढू दिले. सुकल्यावर रंग दिला तेव्हा कागदावर सुमारे तीस ठिपके उमटले, बोटांच्या ठशासारखे. निरोगी माणसाचा कागद आणि रुग्णाचा कागद शेजारी ठेवून पाहिले तर सगळे ठिपके जुळत होते, फक्त एक सरकलेला होता. 1956 साली त्याने हे दाखवले आणि 1957 साली त्या एका तुकड्याची उकल केली. 146 मण्यांच्या साखळीत, आज आपण सहावा मोजतो त्या जागी, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले होते. एक मणी बदललेला, बाकी साखळी जशीच्या तशी!

त्या मण्यामागची आज्ञा जनुकात असते. जनुकाची लिपी वाचण्याचे काम पुढे 1960 च्या दशकात झाले. त्यात पंजाबातील मुलतानजवळच्या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता, त्यासाठी 1968 चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. त्या लिपीत पाहिले तर तीन अक्षरांच्या एका शब्दात मधले एकच अक्षर बदललेले आहे. ज्यांनी उर्दू लिपी गिरवली आहे त्यांना हे चटकन समजेल. ‘दुआ’ लिहिताना एक नुक्ता जास्त पडला की तो शब्द ‘दगा’ होतो. बाकी अक्षरे तीच.

एवढ्याशा बदलाने एवढा अनर्थ कसा होतो? व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारे आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन अडकते, तो रेणू त्याच्या शेजाऱ्याला चिकटतो आणि बघता बघता पेशीत लांब ताठ दोऱ्या तयार होतात. त्या दोऱ्या आतून पेशीला ताणतात आणि पेशी विळा होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही पेशी दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी. लोहाच्या गोळ्या कितीही द्या, मूळ कारण लोहाचा अभाव हे नाहीच. शिवाय कडक वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. म्हणून हाडे आणि सांधे असह्य दुखतात. दुखणे खरे असते, पण बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे असे मूल ढोंगी ठरते.

आता नजरेविषयी. या आजाराचे मूल जन्मतः चांगले गुटगुटीत असते आणि पाच-सहा महिन्यांनंतर त्याच्या हातापायांना सूज येऊ लागते, ते किरकिरे होते. साहजिकच लोक म्हणतात, इतके छान बाळ होते, कोणाची तरी नजर लागली. याचे उत्तर जॅनेट वॉटसन या महिला डॉक्टरने 1948 मध्येच सुचवले होते. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. ते विळा होऊ देत नाही आणि जन्मानंतर काही महिने पुरते. ते ओसरले की आजार प्रकट होतो. दोष पहिल्या दिवसापासून होता, बाळाचे जुने हिमोग्लोबिन त्याला राखत होते इतकेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, उपचारांचा विषय येईल तेव्हा तिचे काम पडेल.

1949 सालीच जेम्स नील यांनी हा आजार वंशात कसा उतरतो ते दाखवले. प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो माणूस वाहक. तो सहसा ठणठणीत असतो, त्याला औषध लागत नाही, अनेकांना आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच आजार. याचा सरळ अर्थ असा की आजारी मुलाला एक बिघडलेली प्रत अम्मीकडून आली तशीच दुसरी अब्बांकडून आली. एकट्या आईकडून हा आजार येऊ शकत नाही. कितीतरी सुना वर्षानुवर्षे टोमणे ऐकतात, काहींना माहेरी धाडले जाते, आणि ज्याच्याकडून अर्धा वाटा आला तो नवरा रक्त तपासायलाही तयार नसतो. मला विचाराल तर या साऱ्या संशोधनातला हा भाग प्रत्येक घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याचा संभव चारात एक, वाहक असण्याचा चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याचा चारात एक. येथे एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली निघतील.’ तसे नाही. नाणे उडवताना एकदा छाप पडला म्हणून पुढच्या वेळी काटा पडलाच पाहिजे असे असते काय? वर्गात मुलांकडून मी शंभर वेळा नाणे उडवून घेतो, तेव्हा त्यांना ते पटते. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

असा घातक दोष पिढ्यानपिढ्या टिकला कसा? 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत पाहिले की वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जेथे मलेरिया होता तेथे हा दोष टिकला. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत तो प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात नंदुरबारचा सातपुडा, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा जमातींत आणि काही अनुसूचित जातींत तो अधिक आढळतो. मग हे आमचे दुखणे नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु जनुक जातीचा दाखला बघून चालत नाही. भारतात आढळणारा या दोषाचा प्रकार सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही आढळतो आणि शास्त्रज्ञ त्याला अरब-भारतीय प्रकारच म्हणतात. थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा वंशपरंपरागत आजार तर आपल्या देशात सर्वत्र आहे. त्यात साखळी वाकडी होत नाही, ती पुरेशी तयारच होत नाही, आणि गंभीर प्रकारात मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. नवरा सिकलसेलचा वाहक आणि बायको थॅलेसेमियाची वाहक असली, किंवा उलट, तरी मूल आजारी होऊ शकते.

आपल्या समाजात चुलत, मावस, मामे, आते भावंडांत निकाह होतात. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या हिंदू शेजाऱ्यांतही अनेक ठिकाणी होते. ते बंद करा असे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी म्हणतही नाही. पण दादा किंवा दादी वाहक असतील तर तीच बिघडलेली प्रत दोन्ही नातवंडांत उतरलेली असण्याचा संभव परक्या घरापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून नात्यात सोयरीक जुळवणाऱ्यांनी तरी आधी रक्त तपासून घ्यावे. मुस्लिम देशांनी हे केव्हाच ओळखले आहे. इराणने 1997 पासून देशभर लग्नापूर्वी थॅलेसेमियाची तपासणी सुरू केली. सौदी अरेबियात 2004 पासून लग्नापूर्वी सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. अहवाल कसाही आला तरी लग्न करायचे की नाही हा निर्णय तेथे त्या दोघांवर सोडलेला आहे, मात्र तो माहितीनिशी घ्यावा लागतो. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक आखातात आहेत त्यांनी त्यांना विचारून पाहावे.

उपचारांकडे वळतो. कारण 1957 साली कळले, पण बरीच वर्षे रुग्णाच्या हाती फारसे काही पडले नाही. मग वॉटसनबाईंची खूण उपयोगी आली. बाळाचे हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा वाढवता आले तर? हायड्रॉक्सियुरिया हे औषध ते काम करते. 1998 साली अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. ते आपल्याकडेही मिळते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते. 2008 साली जन्मानंतर बाळाचे हिमोग्लोबिन बंद करणारे जनुकही ओळखले गेले. त्याच माहितीवर आधारलेल्या जनुक-दुरुस्तीच्या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्या मज्जेतील मूळपेशी काढून घेतात, त्यांच्यातील ती बंदी उठवतात, तीव्र औषधाने मज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी परत देतात. किंमत अमेरिकेत 22 लाख डॉलर! सख्ख्या भावाबहिणीची मज्जा जुळली तर मज्जारोपणानेही आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारे भावंड सर्वांच्या नशिबी नसते.

शिक्षक बंधूंना एक विनंती. असे मूल वर्गात असेल तर त्याच्याजवळ पाण्याची बाटली असू द्या. त्याची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून लघवीला सारखे जावे लागते, त्याला अडवू नका. भर उन्हात कवायत, थंडीत उघड्यावर उभे करणे, दमेपर्यंत धावणे यांतून दुखणे उठते. ताप आला तर घरी झोपवून न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला पालकांना सांगा, कारण या मुलांत साधा संसर्ग झपाट्याने वाढतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांचा समावेश आहे, तेव्हा पालकांनी प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.

आता शेवटी तपासणी. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्त तपासले जाते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले तर सिकलसेलचा संशय. पण या साध्या चाचणीत वाहक कोण आणि रुग्ण कोण ते कळत नाही, थॅलेसेमिया तर मुळीच कळत नाही. म्हणून लग्नाची बोलणी सुरू असतील तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी हीच चाचणी मागा. यातील पहिली म्हणजे 1949 साली इटानोने जे विजेच्या क्षेत्रात पाहिले त्याचेच आजचे रूप. नुकतेच रक्त चढवले असेल तर अहवाल फसवा येतो, तेव्हा सुमारे तीन महिने थांबावे. मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही रक्त तपासावे, आणि ते मंगनीच्या आधी. तारीख ठरून पत्रिका छापल्यावर अहवाल हाती आला तर तो वाचण्याचे धैर्य कोणत्याच घरात उरत नाही.